दारावरचा माणूस आणि तुळईवरचं विमान

प्रिय ताई,

तुला वाकून नमस्कार. पार पायापर्यंत वाकलो असं समज. प्रत्यक्षात कंबर मला तुझ्या गुडघ्याच्या उंचीपर्यंत नेते आणि तिथेच अडते, आणि तुझा गुडघाही हल्ली नमस्कार घेण्याच्या मनःस्थितीत नाही असं भाऊजींनी फोनवर सांगितलं. (म्हणजे मी विचारलं, तिकडे ऊन फार आहे का, त्यावर त्यांनी तुझ्या गुडघ्याची सविस्तर हकीकत सांगितली. कानाचं यंत्र अजून कपाटातच आहे वाटतं.) गुडघ्याला शेक देतेस का? देत नसशीलच. दुसऱ्याला शेक, लेप, पथ्य सगळं सांगायचं आणि स्वतःचं दुखणं मात्र आलेल्या पाहुण्यासारखं बसवून ठेवायचं, ही तुझी लहानपणापासूनची रीत. सूनबाईंना आशीर्वाद सांग. माझी तब्येत बरी आहे. जेवतो, झोपतो, आणि कोणी विचारलं तर बरा आहे असं सांगतो, त्या अर्थी बराच असणार.

रविवारी तू टेम्पो घेऊन मला न्यायला येणार हे ठरलेलं आहे, आणि तू ठरवलेलं बदलायची आपल्या घरात कोणाची छाती झालेली नाही. सूनबाईंची इस्त्रीची खोली तू माझ्यासाठी रिकामी केलीस, भिंतींना रंग दिलास, खिडकीला पडदा लावलास आणि त्या पडद्याचा फोटोही पाठवलास. पडदा छान आहे. इकडे माझीही तयारी झाली आहे. भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरली. रोज सकाळी चहासाठी एक कप सोडवतो, चहा पितो, धुतो आणि परत गुंडाळून ठेवतो. त्या निमित्ताने जुन्या बातम्या वाचून होतात. विमानांबद्दल तू बजावलं होतंस की तो सगळा पसारा क्लबात वाटून टाक, आणि हिच्या हातचं शेवटचं तेवढं घेऊन ये, आपण ते दिवाणखान्यात टांगू. पसारा मी वाटून टाकला. त्या शेवटच्या विमानाचा मात्र थोडा घोटाळा झाला आहे. घोटाळा काय ते एका ओळीत सांगता येईल, पण एका ओळीत सांगितलं तर तू एका ओळीतच मला वेड्यात काढशील. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

आमच्या क्लबात तू कधी पाऊल टाकलं नाहीस, त्यामुळे तुला कल्पना नाही. क्लब म्हणजे बॅडमिंटनचा एक मोठा बंदिस्त हॉल, दर बुधवारी संध्याकाळपुरता भाड्याने घेतलेला. तिथे चांगली शहाणीसुरती, पोटापाण्याला लागलेली माणसं जमतात आणि छोटी छोटी विमानं उडवतात. हातात एक यंत्र असतं, त्याला दोन दांड्या. डावी विमानाचा जोर कमी-जास्त करते, उजवी त्याला वळवते. (या यंत्राला रिमोट म्हटलं की क्लबाचे अध्यक्ष दुखावतात. ट्रान्समीटर म्हणायचं.) विमानं तुझ्या डोळ्यांसमोर येताहेत तशी खेळण्यातली नव्हेत. बाल्सा नावाच्या लाकडाच्या काड्या, म्हणजे लाकूड आपलं म्हणायचं म्हणून, त्यांच्यावर आरपार दिसणारा पातळ कागद ताणलेला, आणि नखाएवढी बॅटरी. सगळं मिळून एका लिंबापेक्षा हलकं. चालत्या माणसाच्या वेगाने ते हवेतून जातं आणि कोणी खोकलं तर वाट बदलतं. म्हणून हॉलचे पंखे बंद, खिडक्या बंद, दार बंद. शिंक भिंतीकडे तोंड करून द्यायची, असा लेखी नियम आहे. आधी ही नाजूक विमानं उडतात आणि सगळ्यात शेवटी हेलिकॉप्टरवाल्यांना मोकळं सोडतात, कारण त्यांची पाती सगळी हवा घुसळून टाकतात. अध्यक्ष, म्हणजे आमचे दातांचे डॉक्टर, नेमके हेलिकॉप्टरवाले. त्यामुळे ते संध्याकाळभर वर्गाबाहेर उभं केलेल्या मुलासारखे हेलिकॉप्टर मांडीवर घेऊन बसलेले असतात.

ही तिथे पहिल्यांदा गेली ती हॉलचे पडदे शिवून द्यायला. पडदे पोचवून अर्ध्या तासात परत येते म्हणाली आणि येईचना. मी शोधायला गेलो तर बाई भिंतीला टेकून उभ्या, पडद्यांचं गाठोडं तसंच काखेत, आणि नजर वर. येताना रस्ताभर एक अक्षर बोलली नाही. (तुझी भावजय रस्ताभर गप्प, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते ओळख.) दुसऱ्या महिन्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर विमान आलं आणि जेवण शिवणयंत्राच्या फळीवर गेलं. ऐन उन्हाळ्यात घरात पंखा बंद, कारण कागद उडतो. मी जिन्यात जाऊन घाम वाळवायचो. एकेक काडी ती पॉलिशकागदाने घासून इतकी हलकी करायची की मला वाटायचं, आता काडी संपेल आणि नुसतं घासणं उरेल. कपडे शिवणं हळूहळू कमी केलं. तिचं म्हणणं असं की फिटिंगच्या वेळी माणसं पोट आत घेतात आणि मग दोष कपड्याला देतात. विमान पोट आत घेत नाही.

क्लबात तिला सगळे कॅप्टन म्हणायला लागले आणि मला दारकाका. त्याचं कारण असं. मी आयुष्यभर ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट चालवली हे तू चारचौघांत सांगत नाहीस (मी ‘ऑफिसात होतो’ असं सांगतेस, तेही खोटं नाही), पण हिने पहिल्याच दिवशी तिथे जाहीर करून टाकलं की आमच्या ह्यांना दाराचा दांडगा अनुभव आहे. झालं. दाराशी एक खुर्ची ठेवली, तिचा एक पाय जरा आत वळलेला, आणि त्यावर मी. काम एकच. हवेत एकही विमान असेल तर दार उघडायचं नाही, बाहेरून कोणी कितीही ठोठावो. सगळी विमानं उतरली की ही हॉलच्या मधोमध उभी राहून माझ्याकडे बघायची आणि एकदा मान हलवायची. मग मी दार उघडायचो. बाहेर ताटकळलेले आत, आत उकडलेले बाहेर. ती मान हलेपर्यंत मी कोणाच्या बापाला आत सोडलं नाही. (खुद्द डॉक्टरांना एकदा बाहेर उभं ठेवलं होतं, आणि ते बाहेरून काचेतून हातवारे करून आत सोडायला सांगत होते.) घरात आम्ही दोघं बोललो पुष्कळ, भांडलोही पुष्कळ, ते तू ऐकलेलंच आहेस. पण आमच्या संसारात बिनचूक चाललेलं बोलणं एवढंच होतं. तिने मान हलवायची आणि मी दार उघडायचं.

पुढचं तुला माहीत आहे. तू इथेच होतीस. शेवटचं विमान तिने पलंगावर बसून केलं, मांडीवर चहाचा ट्रे ठेवून. पिवळं आहे. शेपटीला तेवढा जांभळ्या कागदाचा तुकडा, कारण पिवळा संपला होता आणि मला पाठवलं तर मी चुकीचा पिवळा आणला. कागद ताणून झाला तेव्हा म्हणाली, येत्या बुधवारी उडवून बघू. बुधवार आला, ती नव्हती. त्या बुधवारी घरात माणसं बसली होती, तू चहा करत होतीस, आणि मी भाजी आणतो असं सांगून बाहेर पडलो, आठवतं? मी क्लबात गेलो होतो. जाऊन आपल्या खुर्चीत बसलो. विमानं उडली, उतरली, आणि मी मधोमध बघत राहिलो. कोण मान हलवणार? बाहेर लोक ठोठावत होते आणि मला ते ऐकू येत होतं, पण हात उठेना. शेवटी क्लबातला एक बेकरीवाला आला आणि त्यानेच माझ्या खांद्यावरून हात घालून दार उघडलं. भाजी आणायची राहिली त्यावरून तू मला बोललीस. तू बरोबरच होतीस, घरात खरंच काही नव्हतं.

तर आता मी गाव सोडून तुझ्याकडे येणार हे क्लबात कळलं, तेव्हा त्यांनी बैठक घेतली. ठरलं असं की माझ्या शेवटच्या बुधवारी हिचं शेवटचं विमान एकदा तरी हवेत जायला हवं. न उडवताच ते भिंतीवर टांगलं तर कॅप्टन आपल्याला माफ करणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. इथपर्यंत मला मान्य होतं. मग कोणी उडवायचं हा प्रश्न निघाला, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मागे वळून बघितलं की माझ्या पाठीशी कोण उभं आहे. पाठीशी दार होतं. मी परोपरीने सांगितलं की बाबांनो, मी आयुष्यात फक्त वर आणि खाली एवढंच चालवलंय आणि तेही दोरावर लटकलेलं. कोणी ऐकलं नाही. एकदा उडवायचं, अलगद उतरवायचं, डब्यात घालायचं आणि डबा माझ्या हातात द्यायचा, असा कार्यक्रम पक्का झाला.

मला शिकवायचं काम बेकरीवाल्याने घेतलं. भला माणूस. पहाटे उठून भट्टी लावतो, त्यामुळे संध्याकाळी जांभया देत देतच सूचना करतो, आणि ‘डावीकडे’ आणि ‘आवरा’ हे दोन शब्द जांभईत अगदी सारखे ऐकू येतात. त्याने सरावाला फोमचं एक जुनं विमान दिलं, ज्यात विमान कमी आणि चिकटपट्टी जास्त होती. त्याचं म्हणणं, हे विमान आता मोडूच शकत नाही, मोडायला काही शिल्लक नाही. ताई, यातली खरी गोम सांगतो. विमान आपल्यापासून लांब जात असतं तेव्हा डावं ते डावंच. पण ते वळून आपल्याकडे यायला लागलं की डावं होतं उजवं आणि उजवं होतं डावं. लिफ्टमध्ये हा चावटपणा नसतो. पहिल्या संध्याकाळी मी विमान जाळीत घातलं. दुसऱ्या वेळी भिंतीवरच्या घड्याळात, आणि घड्याळ तेव्हापासून वेळ बरोबर दाखवतंय. तिसऱ्या वेळी विमान सरळ डॉक्टरांकडे निघालं. मी उजवीकडे वळवलं, म्हणजे ते डावीकडे वळलं, म्हणजे आणखी डॉक्टरांकडे. ते ओरडायला म्हणून तोंड उघडायला आणि विमानाचं नाक पोचायला एकच गाठ पडली. अक्कलदाढेपर्यंत गेलं. दुसऱ्याच्या तोंडात रोज हत्यारं घालणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कळलं असेल की खुर्चीतल्याला काय वाटतं. पण शिव्या देतील म्हणून मी वाट बघतोय तर त्यांनी विमान तोंडातून काढलं, रुमालाने पुसलं आणि मला परत दिलं. म्हणाले, पुन्हा एकदा. त्यानंतर मात्र मला थोडं जमायला लागलं. नंतर नंतर तर मी गोल फेरी मारून ते मऊ उतरवायलाही लागलो, बेकरीवाल्याची जांभई पुरी होण्याच्या आत.

गेल्या बुधवारी मी तो डबा घेऊन गेलो. पुठ्ठ्याचा आहे, आत हिनेच कापूस लावलेला. वरती मी तुझा पत्ता मोठ्या अक्षरात लिहिला होता, टेम्पोत इकडे तिकडे होऊ नये म्हणून. त्या संध्याकाळी बाकी कोणीच विमान उडवलं नाही. सगळे भिंतीला टेकून बसले. बेकरीवाल्याने बॅटरी लावली, सगळं हलवून बघितलं, आणि मला मधोमध जाऊन उभे राहा म्हणाला, तिच्या जागी. मी नाही म्हटलं. मला ते जमलं नसतं. मी म्हटलं, मी माझ्या जागेवरून उडवतो, दाराशी. कोणी हट्ट केला नाही. अडचण एकच झाली, आणि ती त्या गडबडीत कोणाच्याच लक्षात आली नाही. मी विमान उडवणार, तर दारावर कोण? इतकी वर्षं मीच असल्यामुळे दारावर कोणीतरी लागतं हेच लोक विसरून गेले होते.

बेकरीवाल्याने ते हातातून सोडलं, म्हणजे फेकलं नाही, नुसतं हात काढून घेतला. आणि ते गेलं. ताई, मला वाटलं होतं मी घाबरेन, पण घाबरायला ते काही करतच नव्हतं. इतकं शांत. आवाज म्हणशील तर शिवणयंत्र शेजारच्या खोलीत चालू असावं तेवढा. मी उजवी दांडी जराशी हलवली की ते हॉलच्या टोकाशी वळायचं, कसलीही घाई नाही, आणि दिव्याखालून जाताना पिवळ्या कागदातून आतल्या सगळ्या काड्या दिसायच्या. त्या काड्यांवर तिने पेन्सिलीने खुणा केलेल्या आहेत, कुठली कुठे बसते त्याच्या. घासून घासून काड्या संपत आल्या, पण खुणा तेवढ्या ठेवल्या होत्या. त्या मी खालून वाचत होतो. तिचं अक्षर तसं वाईटच, वाण्याला कधी लागलं नाही, मलाच वाचून दाखवायला जावं लागायचं. मी रडलो. हे तुला लपवून काय करू? रडलो म्हणजे नुसतं डोळ्यांतून पाणी येत होतं, हातात यंत्र असल्यामुळे पुसता येईना, आणि पाण्यातून एकाची दोन विमानं दिसायला लागली. दोन्ही छान उडत होती.

मग आवाज जरा बारीक झाला. बॅटरी संपत आली की असं होतं. बेकरीवाला माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाला, काका, आता आणा खाली. (जांभई न देता म्हणाला, हे त्याच्याकडून फार झालं.) डॉक्टर डबा उघडून उभे राहिले. मी डावी दांडी थोडी खाली घेतली. विमान शेवटच्या फेरीसाठी माझ्या बाजूला वळलं, खाली खाली येत होतं, आणि नेमकं त्याच वेळी दार उघडलं. बाहेरचा गार झोत सपकन आत आला. विमान त्याने उचललंच. माझ्या हातून डावी दांडी पार वरपर्यंत ढकलली गेली, आणि विमान तसंच तिरकं वर वर जाऊन छताच्या लोखंडी तुळईवर, दिव्याच्या जाळीला टेकून बसलं. तिथे विमानाच्या नाकावरचा पंखा एकदोनदा फिरला आणि बॅटरी संपली.

वेळ झाली हे सांगायला वॉचमन आला असणार आणि त्यानेच दार ढकललं असणार, असं सगळ्यांनी धरलं. डॉक्टरांनी त्याला असं फैलावर घेतलं की तो बिचारा गोंधळून मीच उघडलं म्हणाला. मग सुटकेचे प्रयत्न सुरू झाले, ते तुला वाचायला करमणुकीचे वाटतील. शिडी आणली, ती तुळईच्या अर्ध्यावर संपली. दोन काठ्या एकमेकींना बांधल्या, त्या वर जाता जाता मधोमध मान टाकून खाली बघायला लागल्या. एकाने शटलकॉक मारून बघितलं, ते विमानाच्या शेजारी जाऊन बसलं. शेवटी डॉक्टरांना स्फुरण चढलं. हेलिकॉप्टर काढलं, म्हणाले, वरून हवा मारतो म्हणजे सुटून खाली येईल. हवा मारली तर विमान आणखी आत सरकलं, आणि हेलिकॉप्टर दिव्याच्या जाळीवर आपटून खाली आलं ते तीन तुकड्यांत. डॉक्टरांनी तुकडे गोळा केले आणि मलाच सॉरी म्हणाले. हॉलचे व्यवस्थापक म्हणतात की छताचे दिवे बदलायचे आहेत, त्या वेळी लोखंडी मचाण उभं राहील, तेव्हा विमान काढता येईल. दिवे कधी बदलणार, तर ते वरून मंजुरी आली की. मंजुरी कधी येणार हे कोणालाच ठाऊक नाही.

म्हणजे बघ, घोटाळा माझ्या हातचा नाही. त्या मचाणावर कोण कुठला दिवेवाला चढेल, त्याला काय कळणार? तो पान्ह्यासारखा हात घालून ते धरेल. मुठीत धरलं की संपलं. तेव्हा त्या दिवशी खाली कोणीतरी उभं राहून त्याला सांगायला हवं, आणि बेकरीवाला पाव टाकून किती वेळा धावणार? जबाबदारीचं काम आहे. विचार करता करता मला असं वाटायला लागलं की मंजुरी येईपर्यंत माझं इथे असणं क्लबाच्या दृष्टीने बरं. तुझा काय विचार आहे ते कळव. म्हणजे तू काय म्हणशील ते मला माहीत आहे, पण तरी पत्राने कळव, फोन करू नकोस. फोनवर तू म्हणालीस की मी हो म्हणतो.

गुडघ्याला शेक दे. भाऊजींना कानाचं यंत्र कपाटातून काढायला लाव. काल मी कप सोडवला तो परत गुंडाळला नाही, एवढंच इथलं विशेष.

तुझा,
धाकटा

ता.क. सूनबाईंना त्यांची इस्त्रीची खोली परत दे. पडदा राहू दे, इस्त्री करताना उन्हाचा त्रास होत असेल. घरमालकाला मी जागा सोडत नाही असं सोमवारीच सांगून टाकलं होतं. म्हणजे बुधवारच्या आधी. हे वर लिहायचं राहिलं.

आणखी एक. टेम्पो आणू नकोस. तू मात्र ये. रविवारी नको, बुधवारी ये, आणि संध्याकाळी माझ्याबरोबर क्लबात चल. दाराशी दुसरी खुर्ची टाकायला जागा आहे. गुडघ्याला त्रास होणार नाही, बसायचंच काम आहे. मला सोबत हवी आहे, ताई, पण इथे हवी आहे. हेच सांगायला पत्र लिहायला घेतलं होतं आणि लिफ्ट, लिंबू, अक्कलदाढ करत बसलो.

आणि हे शेवटचं. भाऊजींना वाचून दाखवू नकोस. वॉचमन त्या वेळी मागे टाकीवर पाणी भरत होता. दार मी उघडलं. माझ्या पाठीशीच होतं, पाठ जरा टेकली की उघडतं, आणि दारं आपोआप उघडत नाहीत हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? विमान मला उतरवता आलं असतं. तेवढं मला आलं होतं. पण डॉक्टर डबा उघडून उभे होते, डब्यावर माझ्याच अक्षरात तुझा पत्ता होता, आणि ते एकदा खाली आलं की मग काहीच हवेत उरणार नव्हतं. वॉचमनची मी माफी मागितली. डॉक्टरांनाही सांगितलं. ते म्हणाले, खुर्चीचा पाय नीट करून घेऊ. काल दुपारी हॉल रिकामा होता, तेव्हा वॉचमनकडून किल्ली घेऊन गेलो आणि आपल्या जागेवर बसलो. दार थोडंसं उघडलं. वारा तुळईपर्यंत पोचायला जरा वेळ लागतो. मग त्या पिवळ्या विमानाने नाक एकदा खाली केलं आणि वर घेतलं, अगदी तिच्यासारखं. पूर्वी मान आधी हलायची आणि मग दार उघडायचं. आता दार आधी उघडावं लागतं, एवढाच फरक आहे.